हाड जाणणारी परिचारिका

अहिल्यानगर शहरातून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर नागापूरची औद्योगिक वसाहत लागते. शिर्डीला निघालेले भाविक, गळीत हंगामात कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या, मालवाहू ट्रक आणि पाळी संपवून दुचाकीवरून घरी परतणारे कामगार या एकाच रस्त्याने जात-येत असतात. अशा परिसरातल्या रुग्णालयांत हाडांच्या कोणत्या दुखापती येणार, हे त्या परिसराच्या घडणीवरूनच सांगता येते: पॉवर प्रेसखाली सापडलेली बोटे, दुचाकी घसरून कातडीबाहेर आलेले नडगीचे हाड, आणि आसपासच्या गावांत न्हाणीत पाय घसरून पडलेल्या वृद्धेचा मोडलेला खुबा. या तिन्ही दुखापतींवर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचे नाव रुग्णाच्या घरच्यांना वर्षानुवर्षे लक्षात राहते, पण त्या शस्त्रक्रियेचे यश ज्या दुसऱ्या व्यक्तीच्या ज्ञानावर तितकेच अवलंबून असते, त्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेच्या कामाविषयी मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे.

शस्त्रक्रियेच्या आधी, शस्त्रक्रिया चालू असताना आणि ती संपल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत रुग्णाची जबाबदारी सांभाळणाऱ्या परिचर्येला वैद्यकीय परिभाषेत ‘पेरिऑपरेटिव्ह नर्सिंग’ म्हणतात. तिच्यात दोन मुख्य भूमिका असतात. निर्जंतुक गाऊन आणि हातमोजे घालून सर्जनच्या हाती हत्यारे देणारी ती ‘स्क्रब नर्स’. आणि टेबलाबाहेर राहून लागेल ते सामान आणून देणारी, नोंदी ठेवणारी, रुग्णाच्या अंगाखालच्या गाद्यांपासून यंत्रांच्या आकड्यांपर्यंत सर्वांवर लक्ष ठेवणारी ती ‘सर्क्युलेटिंग नर्स’, जिला बहुतेक रुग्णालयांत ‘फ्लोअर सिस्टर’ म्हणून हाक मारली जाते. पोटाच्या किंवा प्रसूतीच्या शस्त्रक्रियेत तयार झालेली परिचारिका अस्थिशल्यक्रियेच्या टेबलापाशी प्रथम उभी राहते तेव्हा ड्रिल, रीमर, हातोडी, छिन्नी, प्लेट, निरनिराळ्या लांबीचे शेकडो स्क्रू आणि सी-आर्म नावाचे क्ष-किरण यंत्र यांनी ती गोंधळून जाते. हा गोंधळ हत्यारांची नावे पाठ करून कमी होत नाही, कारण प्रत्येक हत्यार हाडाच्या कोणत्या ना कोणत्या गुणधर्माला दिलेले उत्तर असते, आणि तो गुणधर्म समजला की हत्यार कोणत्या क्रमाने लागणार हे आपोआप उलगडत जाते.

हाड ही जिवंत ऊती आहे, हे या अभ्यासातले पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे सत्य होय. वजनाने सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फेटच्या क्षारांचा आणि उरलेला बहुतांशी कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचा असतो. क्षारांमुळे हाडाला दाब सोसण्याचे आणि तंतूंमुळे ताण व पीळ सोसण्याचे बळ मिळते. लांब हाडाची मधली दांडी बाहेरून टणक असते. या टणक थराला कॉर्टेक्स म्हणतात. टोकांकडे आतला भाग जाळीदार व सच्छिद्र असतो, त्याला कॅन्सलस हाड म्हणतात. या फरकामुळेच स्क्रूंच्या दोन जाती झाल्या. टणक थरासाठी बारीक व दाट आट्यांचा कॉर्टिकल स्क्रू आणि जाळीदार भागासाठी खोल व विरळ आट्यांचा कॅन्सलस स्क्रू वापरतात. गुडघ्याजवळच्या अस्थिभंगात सर्जन दांडीकडून सांध्याकडे सरकला की हातात देण्याचा स्क्रू बदलतो, आणि हाडाची रचना जाणणाऱ्या परिचारिकेला ते सांगावे लागत नाही. ४.५ मिलिमीटरच्या कॉर्टिकल स्क्रूसाठी ३.२ मिलिमीटरचे आणि ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी २.५ मिलिमीटरचे ड्रिल बिट लागते, या जोड्यांमागचे तत्त्वही तेच आहे: छिद्र स्क्रूच्या गाभ्याएवढे असले तरच आट्यांना धरायला हाड उरते.

हाड जिवंत आहे म्हणूनच ते भाजूही शकते. ड्रिल फिरताना घर्षणाने उष्णता निर्माण होते, आणि साधारण ४७ अंश सेल्सिअसचे तापमान एक मिनिटभर राहिले तरी छिद्राभोवतीच्या अस्थिपेशी मरू लागतात. मग तिथला स्क्रू काही आठवड्यांनी सैल होतो आणि दोष प्लेटला दिला जातो. ड्रिलच्या टोकावर सिरिंजने सलाइनची धार धरणे आणि बोथट झालेले बिट वेळीच बाजूला काढणे ही वरवर किरकोळ वाटणारी कामे या कारणासाठी करायची असतात. हाडावरचे पातळ आवरण, म्हणजे पेरिऑस्टिअम, रक्तपुरवठा करते आणि हाड जुळवणाऱ्या पेशीही पुरवते, त्यामुळे ते उगाच खरवडले जाऊ नये याकडे आजच्या शल्यक्रियेत कटाक्षाने पाहिले जाते.

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. सुश्रुतसंहितेत हाडांची संख्या ३०० दिली आहे, कारण त्या गणनेत दात आणि कूर्चाही धरल्या आहेत. कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक या तिथल्या पाच प्रकारांपैकी रुचक म्हणजे दात आणि तरुण म्हणजे कूर्चा. याच ग्रंथात अस्थिभंगाचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार वर्णिले असून, पायाचे हाड मोडलेल्या रुग्णाला फळीवर निजवून खुंट्यांच्या आधाराने पाय हलू न देण्याची ‘कपाटशयन’ नावाची पद्धत सांगितली आहे. मोडलेला भाग स्थिर ठेवणे हे अस्थिचिकित्सेचे मूळ सूत्र तेव्हापासून बदललेले नाही. साधने मात्र बदलत गेली. १८५२ मध्ये डच लष्करी शल्यवैद्य आंतोनियस माथाइसन यांनी प्लास्टरची पट्टी प्रसिद्ध केली, १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, १९३९ च्या सुमारास जर्मनीत कील येथे गेऱ्हार्ट क्युंचर यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून ते जोडण्याची पद्धत आणली, आणि १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एकत्र आलेल्या शल्यवैद्यांच्या ‘एओ’ गटाने प्लेट, स्क्रू व हत्यारे प्रमाणित मापांत बसवली. आज नागापुरातला कामगार “पायात रॉड टाकलाय” असे म्हणतो तेव्हा तो क्युंचर यांच्या पद्धतीच्याच वंशजाविषयी बोलत असतो.

शरीराच्या २०६ हाडांपैकी ५४ केवळ दोन हातांत आहेत: प्रत्येक हातात मनगटाची ८, तळहाताची ५ आणि बोटांची १४. औद्योगिक वसाहतीजवळच्या रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेला याचा अर्थ नीट कळला पाहिजे, कारण एवढ्या लहान जागेत इतकी हाडे, त्यांना हलवणाऱ्या कंडरा, दोन्ही कडांनी जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या अगदी दाटीने बसलेल्या असतात आणि प्रेसचा एक दाब हे सगळे एकाच वेळी चिरडतो. बोट तुटून वेगळे झाले असेल तर त्याचे भवितव्य कारखान्यातच ठरते. तुटलेला भाग सलाइनने ओलसर केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची असते. बर्फाचा थेट स्पर्श झाला तर पेशी गोठून फुटतात, आणि नुसत्या पाण्यात बुडवून आणले तर त्या फुगून निकामी होतात. बोटात स्नायू नसल्यामुळे असे थंड ठेवलेले बोट साधारण २४ तासांपर्यंत जोडण्याजोगे राहू शकते, तर स्नायूंनी भरलेला हात किंवा पाय उष्ण अवस्थेत सहा तासांपलीकडे तग धरत नाही. अपघात विभागातून फोन आला की ‘तुकडा कशात ठेवलाय’ हा परिचारिकेने विचारलेला पहिला प्रश्न कितीदा तरी बोट वाचवणारा ठरू शकतो, आणि म्हणूनच हे ज्ञान रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, कारखान्याच्या प्रथमोपचार पेटीपर्यंत पोचायला हवे.

हाताच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवून बारीक रचना स्पष्ट दिसाव्यात म्हणून दंडाला टुर्निकेट, म्हणजे हवेने फुगणारा दाबपट्टा, बांधतात. हाताला साधारण २०० ते २५० आणि मांडीला ३०० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास दाब ठेवला जातो, पण नेमका आकडा रुग्णाच्या रक्तदाबावर व अवयवाच्या जाडीवर ठरवावा लागतो. पट्ट्याखाली सुरकुती न पडू देता कापसाचे अस्तर द्यावे लागते. त्वचा निर्जंतुक करण्याचे द्रव्य अस्तरात झिरपले तर दाबाखाली कातडी भाजल्यासारखी जळते, ही इजा अनेकदा दुसऱ्या दिवशी लक्षात येते, म्हणून पट्ट्याची कड आधीच झाकून घेतात. प्रतिजैविक पट्टा फुगवण्यापूर्वी काही मिनिटे शिरेत गेलेले असले पाहिजे, कारण एकदा रक्तप्रवाह थांबला की औषध जखमेपर्यंत पोचणारच नाही. पट्टा फुगवल्याची वेळ फळ्यावर लिहून एक तास झाला की मोठ्याने सांगणे आणि दोन तासांची मर्यादा ओलांडू न देणे हे फ्लोअर सिस्टरचे काम आहे. बोटाच्या छोट्या शस्त्रक्रियेत हातमोज्याचे कापलेले बोट किंवा रबरी नळी टुर्निकेट म्हणून वापरतात. ती काढायची राहून गेली आणि वरून ड्रेसिंग झाले तर बोट काळे पडते. म्हणून शस्त्रक्रियेच्या शेवटी होणाऱ्या सामानाच्या मोजणीत तीही गॉजप्रमाणेच धरली गेली पाहिजे.

खुब्याचा अस्थिभंग हा परिचारिकेच्या शरीररचना-ज्ञानाची खरी कसोटी घेणारा विषय आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोबणीत बसतो, माथ्याखाली अरुंद मान असते आणि मानेखाली स्नायू चिकटण्यासाठी दोन उंचवटे असतात, ज्यांना ट्रोकँटर म्हणतात. माथ्याचा मुख्य रक्तपुरवठा मांडीतल्या एका धमनीच्या शाखांतून होतो. या शाखा मानेला चिकटून, सांध्याच्या वेष्टनाच्या आतून वर चढतात. त्यामुळे मान मोडून हाड सरकले की त्या तुटतात आणि माथा रक्ताविना मरण्याचा धोका उभा राहतो. उलट ट्रोकँटरच्या भागातले हाड मोडले तर तिथे रक्तपुरवठा भरपूर असल्याने ते जुळते, मात्र स्नायूंच्या ओढीने आखडते आणि वाकडे जुळते. दोन अस्थिभंगांमध्ये अंतर जेमतेम काही सेंटिमीटरचे असते, पण शस्त्रक्रिया संपूर्ण वेगळी होते. मान मोडलेल्या वृद्ध रुग्णात मरण्याचा धोका असलेला माथा जोडण्याऐवजी तो काढून धातूचा माथा बसवतात. ऑस्टिन मूर या अमेरिकी शल्यवैद्यांच्या नावाचा असा कृत्रिम माथा भारतातल्या जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे वापरला गेला आहे. ट्रोकँटरच्या अस्थिभंगात मात्र ‘डीएचएस’ नावाचा सरकता स्क्रू व प्लेट, किंवा हाडाच्या पोकळीत जाणारी ‘पीएफएन’ ही सळई लागते. क्ष-किरण चित्रावर रेषा मानेत आहे की ट्रोकँटरमध्ये, हे ज्या परिचारिकेला ओळखता येते, ती कोणता संच उघडायचा आणि कोणता ऐनवेळी लागला तर जवळ ठेवायचा हे आदल्या संध्याकाळीच ठरवू शकते.

डीएचएससाठी रुग्णाला फ्रॅक्चर टेबलवर निजवून पाय बुटात बांधून ओढ दिली जाते आणि दोन्ही मांड्यांमध्ये एक खांब असतो, ज्यावर ही ओढ तोलली जाते. खांबाला जाड अस्तर नसेल किंवा ओढ गरजेपेक्षा अधिक वेळ राहिली तर जननांगाकडे जाणाऱ्या नसेवर दाब येऊन बधिरता येते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युला या बारीक हाडाच्या मानेवरून पायाची एक नस थेट कातडीखालून जाते; तिथे टेबलाची कड टेकली तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही रुग्णाचे पाऊल लोंबकळत राहते. कोपराच्या आतल्या बाजूची नसही अशीच उघडी असते. रुग्णाला निजवणे ही हमालीची बाब समजणारी रुग्णालये अजूनही आहेत. प्रत्यक्षात भूल दिलेला माणूस दुखते म्हणून सांगू शकत नाही, आणि त्या तासांत त्याच्या नसा कुठे दबतात हे ठाऊक असणारी व्यक्ती त्याच्याजवळ असणे हा त्याचा हक्क आहे.

सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत इंग्लंडमधील जॉन चार्न्ली यांनी १९६२ मध्ये रूढ केलेली पद्धत आजही पायाभूत मानली जाते. तिच्यात पुष्कळदा ‘बोन सिमेंट’ म्हणजे पॉलिमिथाइल-मेथाक्रिलेट हे द्रव्य वापरतात. भुकटी आणि द्रव एकत्र करताच वेळ सुरू होतो आणि काही मिनिटांत मिश्रण कडक होते. खोली जितकी उष्ण तितके ते लवकर घट्ट होते, म्हणून अहिल्यानगरच्या मे महिन्यात वातानुकूलन बिघडलेल्या शस्त्रक्रियागृहात सर्जनला मिळणारी मिनिटे डिसेंबरपेक्षा कमी असतात, आणि हे परिचारिकेने मोजून सांगायचे असते. सिमेंट हाडाच्या पोकळीत दाबले जाते त्या क्षणी वृद्ध रुग्णाचा रक्तदाब अचानक घसरू शकतो, त्यामुळे दाबण्यापूर्वी भूलतज्ज्ञाला मोठ्याने सूचना देणे आवश्यक असते.

मुलांच्या बाबतीत शरीररचनेचा आणखी एक धडा लागतो. लांब हाडांच्या टोकांशी वाढीचा पट्टा असतो, तो कूर्चेचा असल्याने क्ष-किरणावर रिकाम्या रेषेसारखा दिसतो, आणि त्यातून आट्यांची सळई गेली तर हाडाची वाढ खुंटते. म्हणून तिथे के-वायर नावाची गुळगुळीत तार द्यावी लागते. झाडावरून किंवा गच्चीवरून हातावर पडलेल्या मुलाचे कोपराच्या वरचे हाड मोडते तेव्हा हाताची मुख्य धमनी त्या टोकदार तुकड्याला अगदी लागून असते. अशा हातावर गावातल्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या तर सूज वाढून रक्तप्रवाह थांबतो आणि बोटे कायमची आखडतात. हाडवैद्यांकडे जाण्यामागे खर्चाची आणि अंतराची खरी कारणे आहेत, कुणाला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. पण बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा ताणताच असह्य दुखू लागली तर पट्टी तत्काळ सोडावी, एवढी एक गोष्ट प्रत्येक आशा सेविकेला आणि हाडवैद्यालाही सांगितली गेली पाहिजे.

महामार्गावरच्या दुखापतींत हाड अनेकदा कातडी फाडून बाहेर आलेले असते. गुस्तिलो आणि अँडरसन यांनी १९७६ मध्ये अशा उघड्या अस्थिभंगांची वर्गवारी मांडली. तिच्यात एक सेंटिमीटरपेक्षा लहान व स्वच्छ जखम पहिल्या वर्गात, आणि प्रचंड आघाताने मांस चिरडलेली जखम तिसऱ्या वर्गात येते; शेतातली माती व शेण मिसळलेली जखम आकाराने लहान दिसली तरी तिसऱ्याच वर्गात धरतात. इथे प्रतिजैविक शक्य तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या तासात, देणे आणि जखम अनेक लिटर सलाइनने धुणे याला पर्याय नाही. मांडीचे हाड मोडल्यास बाहेर थेंबभर रक्त न दिसताही एक ते दीड लिटर रक्त आतल्या आत साठू शकते आणि कमरेचे हाड मोडल्यास त्याहूनही अधिक, म्हणून रक्ताची सोय झाल्याशिवाय रुग्ण टेबलावर घेऊ नये, हा आग्रह परिचारिकेनेही धरायचा असतो. हाड जुळलेच नाही किंवा जंतुसंसर्गाने त्याचा तुकडा गमवावा लागला, तर रशियातील कुर्गान येथे इलिझारोव्ह यांनी विकसित केलेली कड्यांची रचना वापरून नवे हाड हळूहळू वाढवता येते. भारतात ही पद्धत रुजवणाऱ्यांमध्ये मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचे नाव अग्रभागी आहे, आणि मिरज हे १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशन रुग्णालय सुरू केल्यापासून परिचारिकांच्या शिक्षणाचेही जुने केंद्र राहिले आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यालाही ही परंपरा नवी नाही. शहरातील बूथ रुग्णालय, नागापूरपासून जवळच विळद घाटात असलेले विखे पाटील प्रतिष्ठानचे वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालय, आणि १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प यांनी परिचारिका व आरोग्यसेविका घडवल्या आहेत. जामखेडला खेड्यातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना त्यांच्याच भाषेत शरीर समजावून सांगण्यात आले, तिथल्या कार्यशाळेत जयपूर फूट तयार झाले, आणि ग्रामीण आरोग्याच्या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भारतीय परिचर्या परिषदेने शस्त्रक्रियागृह परिचर्येचा आणि अस्थिव्यंग व पुनर्वसन परिचर्येचा प्रत्येकी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आखला आहे. तरीही पाच-दहा खाटांच्या खासगी नर्सिंग होममध्ये अनुभवाने शिकलेल्या मुलींवर स्क्रबची जबाबदारी पडते. त्यांच्या हातांत कसब असते. हाडाची कहाणी त्यांना कुणी मराठीत सांगितलेली नसते.

शस्त्रक्रिया संपल्यावर जबाबदारी संपत नाही. नडगीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री पोटरीच्या स्नायूंच्या बंद कप्प्यांत सूज इतकी वाढू शकते की आतला दाब केशवाहिन्यांना मिटवून टाकतो. या अवस्थेला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. सुरुवातीला पायाची नाडी व्यवस्थित लागते, त्यामुळे नाडीवर विसंबून राहणे घातक ठरते. दिलेल्या वेदनाशामकाला न जुमानणारी आणि पायाचा अंगठा हळूच ताणताच उसळणारी वेदना हे पहिले लक्षण असते. कच्चे प्लास्टर खालच्या कापसापर्यंत कापून सैल करणे, पाय हृदयाच्या पातळीवर ठेवणे आणि सर्जनला झोपेतून उठवणे ही तिन्ही कामे त्याच घटकेला व्हावी लागतात, कारण साधारण सहा तासांनंतर स्नायू परत मिळत नाहीत.

राहते ती नोंद. बसवलेल्या प्रत्येक प्लेट, सळई व स्क्रूच्या वेष्टनावर उत्पादक, माप, धातू आणि तुकडी क्रमांक असलेले चिकटपत्र असते. त्याची एक प्रत केसपेपरवर आणि एक रुग्णाच्या हातातल्या कार्डावर लावायची असते. स्टेनलेस स्टीलची प्लेट आणि टायटॅनियमचा स्क्रू शरीरात एकत्र आले तर गंज धरण्याची शक्यता असते, शिवाय दीड-दोन वर्षांनी सळई काढायची वेळ आली की ती ओढणाऱ्या हत्याराच्या आट्या त्याच उत्पादकाच्या सळईशी जुळाव्या लागतात. नागापुरातला कामगार तोवर पुण्याला किंवा वाळूजला बदली होऊन गेलेला असू शकतो, आणि तिथल्या सर्जनला कोणता संच मागवायचा हे त्या कार्डावरूनच कळणार असते.